२२ जणी शिकल्या, कामाला दोघीच

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात तुमच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने गेल्या पावसाळ्यात तीन महिन्यांचा शिवणवर्ग घेतला. २२ बायका शिकल्या, बहुतेक विधवा किंवा नवऱ्याने सोडलेल्या. सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली, १० शिलाई मशीन दिली. आज वर्षभराने शिवणावर कमावणाऱ्या दोघीच आहेत. यंदा ब्युटीपार्लरचा वर्ग घ्यावा की काजू प्रक्रियेचा, असं तुम्ही विचारलंय, आणि शेवटी लिहिलंय, ‘बायकांनाच इच्छा नसेल तर आपण काय करणार?’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच बोलू. मी गेली १९ वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात एकल बायकांच्या रोजगाराचं काम करते. भर पावसात, घरचं सगळं आटपून, तीन महिने वर्गाला आलेल्या बाईला इच्छा नाही असं मी म्हणणार नाही. यायचं होतं तेवढं ती आली. खरी अडचण वर्ग संपल्यावर सुरू होते. प्रमाणपत्र हातात पडल्यापासून नियमित पैसा येईपर्यंत तीन-चार महिने जातात, आणि तेवढे दिवस काढायला तिच्याकडे काही नसतं. मग ती पुन्हा मजुरीला जाते आणि मशीनवर चादर पडते. कोणता वर्ग घ्यायचा हे नंतर ठरवू. ते तीन-चार महिने कोण सांभाळणार, हे आधी ठरवा.

शिवणकाम वाईट नाही, पण गावाचा हिशेब घालून बघा. समजा तुमच्या सगळ्या वाड्या मिळून २०० घरं आहेत. त्यातली निम्मी गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून बंद. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, त्याची खूण त्या आकड्यात दिसते. गावात राहणाऱ्या बाईला वर्षाला ब्लाउज किती लागतात, फॉल-पिको किती लागतं? हे काम दोन शिंप्यांचं आहे, आणि तुमच्याकडे नेमक्या दोघीच टिकल्या. त्या दोघींची घरं बाजाराच्या रस्त्यावर असतील किंवा घरात दुसरी कमाई असेल, असा माझा अंदाज आहे. विचारून खात्री करा. मला उत्तर ऐकायला आवडेल.

आता ‘गरजू बायका’ या शब्दाबद्दल. यादी करताना आपण सगळ्यांना एका रकान्यात टाकतो, पण प्रत्येकीची अडचण निराळी असते. लहान मुलं असलेल्या विधवेला मुलांजवळ कोण बसणार हा प्रश्न. पन्नाशीपुढच्या बाईला दहा किलोमीटर जाऊन-येऊन आठ तास उभं राहणं झेपत नाही. जिचा नवरा घरात आहे पण मारतो, तिला आधी सुरक्षितता हवी. तिच्या हातात पैसा आला की घरातला त्रास कधी कधी वाढतो, हे मी पाहिलंय. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा हक्क आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही हेल्पलाइन आहे. हे तिला वर्गाच्या पहिल्या आठवड्यात कळलं पाहिजे.

सगळ्यात अवघड स्थिती माहेरी परत आलेल्या बाईची. ती विधवा नाही, घटस्फोट झालेला नाही. रेशनकार्डावर नाव सासरी, आधारवर पत्ता सासरचा, राहते भावाच्या पडवीत. निराधारांना दरमहा मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने सोडलेल्या बायकाही बसतात, पण ती परित्यक्ता आहे हे कागदावर सिद्ध करायला तिला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत किती फेऱ्या माराव्या लागतात ते बघा. कर्जाला गेली तर जमीन दाखवा म्हणतात. आपल्या कोकणात सातबारा सामाईक, एकेका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मे मुंबईत आणि काही हयातही नाहीत. विधवेचंसुद्धा वारस म्हणून नाव लागलेलं नसतं, कारण दीर म्हणतो ‘करू मगे, घाई काय’. अशा बाईला तुम्ही उत्तम शिवण शिकवलंत तरी तिला दुकानाचा गाळा कोण देणार, कर्ज कोण देणार? म्हणून आमच्याकडे वर्गाच्या पहिल्या पंधरवड्यात कागदांचे दोन दिवस असतात: रेशनकार्ड, आधारचा पत्ता, स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, वारस नोंदीचा अर्ज. दीर किंवा भावाबरोबरचं जोड खातं चालवून घेऊ नका.

याच कागदांत एक पेच आहे. त्यावर कुणी उघड बोलत नाही. संजय गांधी योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. एका बाईने आमच्याकडे चांगलं काम नाकारलं तेव्हा मला आधी राग आला होता. दोन दिवसांनी ती म्हणाली, ‘ताई, पगार बँकेत आलो तर माजे दीड हजार बंद व्हतले. काम सुटला तर मगे मी काय खाव?’ तिचा हिशेब चोख होता. खात्रीचे दीड हजार सोडून भरवशाचं नसलेलं काम ती का धरेल? तेव्हापासून आम्ही काम देणाऱ्याशी बोलताना किमान सहा महिन्यांचा शब्द घेतो, आणि काय मिळेल नि काय थांबू शकेल हे बाईसमोर कागदावर मांडतो. एक पालक असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपयांची तरतूद आहे. कित्येक विधवांना ती माहीत नसते, त्यांचा अर्ज जरूर भरून घ्या.

आता वेळेबद्दल. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगते. वर्ग आम्ही दुपारी दोन ते पाच ठेवला होता, कारण शिकवणाऱ्या बाईंना ती वेळ सोयीची होती. वरच्या वाडीच्या सहा जणी पंधरा दिवसांत गळाल्या. मी घरी गेले तेव्हा कळलं की शेवटची एसटी पावणेपाचला सुटते. ती चुकली की पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, पाऊण तास चढ, आणि काळोखात घरी पोचलेल्या एकट्या बाईबद्दल वाडीत काय बोललं जातं ते मी लिहीत नाही. वर्ग अकरा ते दोन केला. मुलं शाळेत, पाणी भरून झालेलं, गुरं सोडलेली. सहापैकी पाच जणी परत आल्या. अभ्यासक्रमात मी एका ओळीचाही बदल केला नव्हता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने फरक पडलाच. पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? म्हणून काम शोधताना आम्ही आधी एसटीचं वेळापत्रक पुढ्यात घेतो.

तुम्ही वर्ग पावसाळ्यात घेतलात, कारण तेव्हा बायका मोकळ्या असतात असं मुंबईत वाटतं. जुलैत लावणी असते, आणि तीच त्यांची मजुरी. मासे विकणारी असेल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे घरात पैसा सगळ्यात कमी. त्यात वर्गाचा प्रत्येक दिवस म्हणजे एक बुडालेला रोज. वर्ग संपेल तेव्हा ज्या कामाचा हंगाम सुरू होतो, त्याचाच वर्ग घ्यावा. पर्यटकांच्या जेवणाखाण्याचं शिकवायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दिवाळीला हात कामाला लागतात. काजूचं शिकवायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत.

ब्युटीपार्लरचं उत्तर लहान आहे. तालुक्याच्या बाजारात एखादीला जमेल, वाडीत नाही. आणि लग्नघरात नवरी सजवायला विधवेला बोलावत नाहीत अशी गावं अजून आहेत. तुमचं गाव तसं नसेल तर आनंदच आहे, पण गृहीत धरू नका.

काजूबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे काम खरंच आहे आणि फसगतही इथेच होते. काजूगर होईपर्यंत बी किती हातांतून जाते बघा: उन्हात वाळवणं, बॉयलरमध्ये वाफवणं, गार होऊ देणं, मशीनवर फोडणं, गर ड्रायरमध्ये वाळवणं, वरची साल सोलणं, प्रतवारी, पॅकिंग. फोडणं, सोलणं आणि प्रतवारी ही बहुतेक ठिकाणी बायकांची कामं. चार-साडेचार किलो बियांतून साधारण किलोभर गर निघतो. फोडणाऱ्या बाईच्या हाताला टरफलातला चीक लागतो, त्याने कातडी जळते, बोटं काळी पडून सोलवटतात. राख किंवा तेल लावून त्या काम करतात. हातमोजे दिले तरी काढून ठेवतात, कारण मोज्यांनी हात मंदावतो आणि मजुरी किलोवर असते. हे समजून न घेता ‘बायका मोजे घालत नाहीत’ म्हणणं अन्यायाचं आहे. बोटांच्या मापाचे पातळ मोजे आणा, पहिला महिना रोजावर ठेवा, म्हणजे मोज्यांसकट हात बसतो. आम्ही हे एका कारखानदाराला पटवलं. महिन्याभराने त्याच्याकडे अख्ख्या गराचं प्रमाण वाढलं, तेव्हापासून तो स्वतःच मोजे आणतो.

फोडण्यापाशीच बाईला थांबवू नका. प्रतवारी शिकवा. डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात तेवढे अख्खे गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. अख्खा, पाकळी, तुकडा यांच्या भावात मोठा फरक असतो. ज्या बाईला हे कळतं ती वजनकाट्यासमोर गप्प उभी राहत नाही. आठवी शिकलेली, चाळिशीतली एक विधवा आमच्याकडून फोडायला लागली, दीड वर्षात ती प्रतवारीच्या टेबलावर मुकादम झाली. तिने वेगळा वर्ग कुठलाच केला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास शेजारच्या टेबलावर बसून ती शिकली, आणि तेवढी सवलत आम्ही मालकाकडून मागून घेतली होती.

‘मग मंडळच काजूचं युनिट टाकू’ असा विचार तुमच्या मनात आला असेल. पहिल्या वर्षी टाकू नका. बी मार्च ते मे या तीन महिन्यांत येते, आणि वर्षभराची तेव्हाच विकत घेऊन ठेवावी लागते. एवढं भांडवल रोज कमवून रोज खाणाऱ्या बायकांच्या गटाकडे नसतं. मग ऑगस्टमध्ये बी संपते, मशीन थांबतं आणि कर्जाचा हप्ता चालू राहतो. असे गट मी बुडताना पाहिलेत, आणि बुडाल्यावर बायका एकमेकींशी बोलतही नाहीत, ते बघणं फार वाईट. आधी चालू कारखान्यांत कामं मिळवा. वर्षभराने त्यांच्यातल्या तीन-चार जणी स्वतःहून ‘आपलं काढूया’ म्हणाल्या, तर मग वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राकडे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे जा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटातल्या सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे, तिची चालू स्थिती जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. कोकम, आंबापोळी, फणसपोळीलाही हेच लागू. माल बनवता सगळ्यांना येतो. पहिला मुसळधार पाऊस पडल्यावर तो वाळवायचा कुठे आणि शिमग्यानंतर विकायचा कुणाला, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

तुम्ही विचारलं नाहीत असं एक काम आता सांगते. तुमच्या गावासाठी मला ते सगळ्यात योग्य वाटतं: घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल. मुलं मुंबईत, पुण्यात, परदेशात. आई-वडील गावच्या मोठ्या घरात. पैसे पाठवायची मुलांची तयारी आहे, माणूस मिळत नाही. आणि गिऱ्हाईक तुमच्या मंडळाचे सभासदच आहेत! देवरूखला मातृमंदिर ही सेवासंस्था उभी करणाऱ्या मावशी हळबे स्वतः विधवा होत्या. १९५४ मध्ये रुग्णसेवेच्या छोट्याशा कामातून त्यांनी सुरुवात केली. रुग्णसेवेतून उभं राहिलेल्या बाईचं उदाहरण आपल्याच मातीत आहे.

पण ‘म्हाताऱ्यांना सांभाळायला बाई हवी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धुणीभांडीवाली येते. तिथे घट्ट राहा. बाईला रक्तदाब मोजणं, साखर तपासणं, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणं, घास अडकला तर काय करायचं, गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवणं, हे शिकवा, आणि त्यातला निदान महिना एखाद्या रुग्णालयात प्रत्यक्ष कामाचा असू द्या. काही सरकारी अभ्यासक्रमांना दहावीची अट असते. तेवढं शिक्षण नसलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थानाकडे विचारा, ती संस्था मुळात कमी शिकलेल्यांसाठीच आहे. मग घरमालकाशी एक पानाचा करार करा: किती तास, कोणतं काम, कोणतं नाही, पगार कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी. रात्रपाळी पहिल्या सहा महिन्यांत नको. एका घरी दोन बायका आळीपाळीने असल्या तर एकीचं मूल आजारी पडलं तरी काम सुटत नाही. घरकामाच्या ठिकाणी लैंगिक त्रास झाला तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तो पत्ता करारावरच छापा. छापलेला पत्ता घरातल्या पुरुषांनाही दिसतो.

बाकीची कामं तुमच्या किनाऱ्यावर काय आहे त्यावर अवलंबून. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. खाडी तुमच्याकडेही असेल, पण पर्यटक येतो का, रस्ता कसा आहे, हे पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांना शिकवण्यापेक्षा बर्फाची पेटी, शौचालय आणि बसायला छप्पर यांची गरज जास्त असते.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: आधी काम देणारा शोधा, मग एसटी आणि घरची वेळ बघा, मग कागद, आणि त्यानंतर वर्ग. तुमच्याकडून हा क्रम उलटा झाला. आमच्याकडूनही कित्येक वर्षं तसंच होत होतं.

आता मंडळाच्या पैशाचं. शिकवण्यावर तुम्ही खर्चच करू नका असं माझं मत आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था राहणं-जेवणासकट मोफत शिकवतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया, तिच्या शाखेत चौकशी करा. १९७५ पासून काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, बचत गटांसाठीचं सरकारी ‘उमेद’ अभियान आहे. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत शिंपीकाम, जाळी विणणं, टोपल्या-चटया-झाडू बनवणं बसतं. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तुमच्या त्या दोघी शिवणाऱ्यांचे अर्ज भरले का, बघा.

मात्र राहून शिकायचं तर मुलाला कुठे ठेवणार? तहसीलला जायचं तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? पहिला पगार हातात येईपर्यंत दुकानातली उधारी कशी फिटणार? कुठलीही योजना इथे पुरत नाही. मंडळाचा पैसा इथे लावा. दहा मशीनच्या किमतीत गावातल्याच एका चांगल्या बाईला वर्षभर मानधन द्या. तिने काम लागलेल्या प्रत्येकीच्या घरी पहिले तीन महिने दर आठवड्याला जायचं, मालकाला महिन्यातून एकदा भेटायचं, कुणी दोन दिवस गैरहजर राहिली तर तिसऱ्या दिवशी तिच्या दारात उभं राहायचं. आमच्याकडे टिकलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईमागे अशी एक ताई आहे. आणि लहान मुलांसाठी वर्गाशेजारी एक खोली, त्यात एक आजी, तिलाही मानधन.

यापुढे मशीन द्यायचंच झालं तर आधी वापरायला द्या, सहा महिने काम केलं की तिच्या नावावर करा. दिलेल्या दहापैकी पडून असलेली परत मागू नका, गावात बायकांचा अपमान होईल. त्या दोघींकडे शाळेच्या गणवेशाचं काम आणून द्या, म्हणजे त्याच आणखी तिघी-चौघींना आपल्याकडे बसवून घेतील. मशीन खाली जमिनीवर राहू देऊ नका. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमच्या गटाची सगळी मशीन एका रात्रीत पाण्याखाली गेली, विमा नव्हता.

गणपतीला चाकरमानी गावात येतील तेव्हा मंडळाच्या बैठकीत दोन गोष्टी करा. ज्यांचे आई-वडील गावात एकटे आहेत त्यांनी महिन्याला किती देता येईल ते कागदावर लिहून द्यायचं. आणि त्या २२ जणींना बोलवा, पण बैठक सकाळी अकराला ठेवा. त्यांना ‘तुम्हाला काय शिकायचंय’ असं विचारू नका, समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर त्या देतील. विचारा की घरातून किती वाजता निघता येतं, किती वाजेपर्यंत परतावं लागतं, आणि महिन्याला किती पैसे आले तर मजुरी सोडता येईल. ही तीन उत्तरं, वाड्यांची नावं आणि एसटीच्या वेळा मला कळवा. गाव घाटाकडे आहे की खाडीकडे तेही लिहा. त्याप्रमाणे कोणत्या कारखान्याशी आणि कोणत्या रुग्णालयाशी बोलता येईल ते मी बघते.